अंगठा लागत नाही! क्रूसोच्या पाऊलखुणेपासून आजीच्या रेशनपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांचे इयरफोन शहीद झाले, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलता बोलता फुटलेले फाटे थोडे छाटलेत, बाकी मजकूर तोच.

सुरुवात आजीपासून करतो. मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. आजी म्हणाली, "चल रे, रेशनला जाऊन येऊ." गेलो. दुकानात ते अंगठ्याचं छोटं मशीन असतं, तुम्ही पाहिलं असेल. आजीनं अंगठा ठेवला. लागला नाही. पदराला पुसून परत ठेवला. नाही. दुकानदार भला माणूस, तो म्हणाला, "आजी, जरा दाबून लावा." उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग बाकीची बोटं झाली. मागची रांग चुळबुळ करायला लागली. शेवटी तो म्हणाला, "आजी, थम घेत नाही तुमचा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

आता गंमत बघा. आजी त्या दुकानात चाळीस वर्षं जातेय. दुकानदाराला तिनं चड्डीत पळताना पाहिलंय. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "अरे, मी समोर उभी हाय, आन् ह्यो डबा म्हणतो मी नाय?"

सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी आई गेली, तिचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला, धान्य घरी आलं. विषय संपला. पण आजीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माणूस समोर उभा आहे, ओळखीचा आहे, आणि तरी त्याची खूण जुळत नाही म्हणून तो 'तो' नाही. ही गोष्ट मला कुठेतरी वाचल्यासारखी वाटत होती. मग आठवलं. ही फार जुनी गोष्ट आहे, आणि जगातल्या मोठमोठ्या लेखकांनी ती सांगून ठेवलीय. आजचा भाग त्याच्यावर: मागे राहिलेल्या खुणा, त्या वाचणारी माणसं, आणि ज्यांच्यावर त्या वाचनाचा परिणाम होतो ती माणसं.

खूण आहे, माणूस नाही

जगातली सगळ्यात प्रसिद्ध पाऊलखूण कुठली? चंद्रावरची सोडून द्या. गोष्टींच्या जगात विचाराल तर उत्तर एकच, 'रॉबिन्सन क्रूसो'मधली. डॅनियल डीफोचं हे पुस्तक लंडनमध्ये १७१९ साली आलं. जहाज फुटून एका बेटावर अडकलेला माणूस, एवढं तर तुम्हाला माहीतच आहे.

क्रूसो त्या बेटावर पंधराएक वर्षं एकटा राहिलाय. शेळ्या पाळल्यात, धान्य पिकवलंय, स्वतःला बेटाचा राजा समजतोय. आणि एका दुपारी त्याला किनाऱ्यावरच्या वाळूत एक पाऊल उमटलेलं दिसतं. अनवाणी पाऊल. टाच, बोटं, सगळं स्पष्ट. आणि फक्त एकच!

आपल्याला काय वाटतं? पंधरा वर्षं माणसाचं तोंड पाहिलेलं नाही, हा आनंदानं उड्या मारेल. तो काय करतो? घाबरून घराकडे पळत सुटतो. प्रत्येक झुडूप त्याला माणूस वाटतं. रात्रभर झोप नाही. आधी वाटतं, सैतान आला असेल. मग वाटतं, हे आपलंच पाऊल असेल. म्हणून काही दिवसांनी तो हिय्या करून परत जातो आणि त्या खुणेवर स्वतःचा पाय ठेवून बघतो. त्याचा पाय बराच लहान निघतो.

इथे मला थांबावंसं वाटतं. तो पाय ठेवून मोजतो, ही चक्क तपासाची पद्धत आहे. खूण आहे, तिची संशयिताशी तुलना करा. फक्त इथे संशयित तो स्वतःच आहे. आणि आपण सुटलो म्हटल्यावर तो आणखी घाबरतो. घराभोवती दुसरी भिंत उभारतो, तिच्यात बंदुकांसाठी भोकं ठेवतो. ज्या माणसाला त्यानं पाहिलेलंसुद्धा नाही, त्याला 'रानटी, नरभक्षक' ठरवून मोकळा होतो. पुढे बेटावर खरंच माणसं येतात, भयानक गोष्टी करतात, ते सगळं पुस्तकात आहे. पण ते पाऊल नेमकं कोणाचं होतं? डीफो शेवटपर्यंत सांगत नाही.

पावलानं फक्त एवढंच सांगितलं होतं की इथून कोणीतरी गेलं. ते कोण, कसला, चांगला की वाईट, हे सगळं क्रूसोच्या डोक्यातून आलं. हा मुद्दा धरून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

खूण वाचण्यात हुशार असलेल्या माणसाचं काय होतं, याची एक झकास गोष्ट व्होल्तेअर या फ्रेंच लेखकानं १७४७ च्या सुमारास लिहिली. नाव 'झदीग'. बॅबिलॉनमध्ये राहणारा हा तरुण वाळूतल्या खुणा बघून सांगतो की इथून एक कुत्री गेली, ती नुकतीच व्यालेली आहे, पुढच्या डाव्या पायानं लंगडते आणि तिचे कान लांब आहेत. आणि ती असते राणीची हरवलेली कुत्री! मग काय, याला धरलं. एवढं बारीक माहीत आहे म्हणजे चोर हाच. त्याला चारशे औंस सोन्याचा दंड होतो. तो कोर्टात समजावून सांगतो, वाळूतल्या उंचवट्यांवर आचळांच्या रेघा होत्या, एक पाऊल कमी खोल उमटलं होतं, वगैरे. सगळे वाहवा करतात, दंड परत करायचा हुकूम होतो. पण कोर्टाचे कारकून त्यातले तीनशे अठ्ठ्याण्णव औंस खर्चापोटी कापून घेतात! तालुक्याच्या कचेरीत ज्यांनी खेटे घातलेत त्यांना हे वाचताना व्होल्तेअर आपल्याच गावचा वाटेल.

पुढे एकोणिसाव्या शतकात गुप्तहेर कथा आल्या तेव्हा त्यांच्या वंशावळीत या झदीगचं नाव हमखास घेतलं गेलं.

माणूस आहे, खूण नाही

क्रूसोच्या गोष्टीत खूण होती आणि माणूस नव्हता. आता उलट बाजू. माणूस समोर आहे, पण खूण हरवलीय. ही गोष्ट तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. कालिदासाचं 'अभिज्ञानशाकुंतल'. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला, तेही याच गोष्टीवर.

आधी नाव बघा. अभिज्ञान म्हणजे ओळख पटवणारी खूण. म्हणजे नाटकाच्या नावातच पुरावा आहे! दुष्यंत शकुंतलेला स्वतःचं नाव कोरलेली अंगठी देऊन जातो. दुर्वासाचा शाप असा, की ज्याचा विचार करत बसलीस तो तुला विसरेल. मैत्रिणी विनवण्या करतात तेव्हा उःशाप मिळतो, खूण दाखवली की आठवेल. आणि ती अंगठी वाटेत शचीतीर्थाच्या पाण्यात पडते.

दरबारातला तो प्रसंग आठवा. शकुंतला गरोदर आहे, समोर उभी आहे, बोलतेय, दोघांच्या आठवणी सांगतेय. राजा म्हणतो, मी हिला ओळखत नाही. ती म्हणते, थांबा, अंगठी दाखवते. आणि बोट रिकामं! त्या क्षणी तिच्या सगळ्या बोलण्याची किंमत शून्य होते. राजा उलट तिलाच टोमणा मारतो.

शाप वगैरे आपण बाजूला ठेवू. दरबाराचा नियम काय दिसतो? बाईचा शब्द पुरेसा नाही, वस्तू दाखव. आजीचं वाक्य इथेच आठवलं मला. मी समोर उभी हाय, आन् ह्यो म्हणतो मी नाय.

पण कालिदास तिथे थांबत नाही. पुढच्या अंकाच्या सुरुवातीला तीच अंगठी एका कोळ्याला माशाच्या पोटात सापडते. तो विकायला जातो आणि शिपाई त्याला धरतात. दोर बांधतात, मारतात, त्याच्या धंद्यावरून हिणवतात. तो सांगतोय की माशाच्या पोटातून निघाली, पण गरीब माणसाच्या हातात राजाची अंगठी म्हणजे चोरीच! नंतर राजाला सगळं आठवतं, कोळ्याला अंगठीच्या किमतीइतकं बक्षीस मिळतं, आणि त्यातलं अर्धं तो त्याच शिपायांना देऊन टाकतो. मग सगळे मिळून दारूच्या गुत्त्यावर जातात.

एकच अंगठी आहे. शकुंतलेकडे नाही म्हणून ती खोटी, कोळ्याकडे आहे म्हणून तो चोर, आणि राजाच्या हातात आली की ती प्रेमाची आठवण. कालिदासानं दीड हजाराहून जास्त वर्षांपूर्वी दाखवून ठेवलंय की पुराव्याचा अर्थ तो कोणाच्या हातात आहे यावरून बदलतो.

नांगराची निशाणी आणि कंत्राटदाराचा पंजा

आता गोष्टींतून थोडं बाहेर येऊ, कारण पुढच्या गोष्टी समजायला खरा इतिहास लागतो. अंगठ्याचा ठसा कागदावर आला कसा?

आपल्याकडची जुनी मराठी कागदपत्रं पाहिलीत तर लिहिता न येणारा माणूस सही कशी करायचा ते दिसतं. कुणबी पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, 'निशाणी नांगर'. कारागीर आपापल्या हत्याराचं चित्र काढायचे. मला हे फार आवडतं. सही म्हणजे, मी कोण आणि मी काय काम करतो. पण यात एक अडचण होती. नांगर तर कोणीही काढू शकतो. आणि वर काय लिहिलंय ते निशाणी करणाऱ्याला वाचता येत नाही. पुणे जिल्ह्यात सुप्याला मे १८७५ मध्ये शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांनी मुख्यतः काय जाळलं? कर्जरोखे. ज्या कागदांवर त्यांची निशाणी होती, पण शब्द दुसऱ्याचे होते, ते कागद.

तिकडे बंगालमध्ये एक इंग्रज अधिकारी याच प्रश्नाकडे सरकारच्या बाजूनं बघत होता. विल्यम हर्शेल. युरेनस ग्रह शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. जुलै १८५८. म्हणजे सत्तावनचा उठाव अजून पुरता थंड झालेला नाही. जंगीपूरला रस्त्याच्या खडीचं कंत्राट राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला द्यायचं होतं. हर्शेलनं ऑफिसच्या शिक्क्याची शाई त्याच्या तळहाताला लावली आणि करारामागे अख्खा पंजा उमटवून घेतला.

का? हर्शेलनंच पुढे लिहून ठेवलंय: या माणसानं नंतर 'ही सही माझी नाही' म्हणू नये, म्हणून त्याला धाक बसावा. तेव्हा त्याला ठसे वेगळे असतात वगैरे शास्त्र माहीत नव्हतं. हेतू धाकाचा होता. शास्त्राचं डोकं नंतर चालायला लागलं. मग त्यानं वर्षानुवर्षं स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या बोटांचे ठसे घेतले, आणि रेषा बदलत नाहीत हे पाहिलं. १८७७ मध्ये हुगळीला असताना त्यानं पेन्शन घेणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. कारण मेलेल्या माणसाच्या नावानं नातेवाईक पेन्शन उचलतात, असा संशय. म्हणजे दर वर्षी 'मी जिवंत आहे' हे सिद्ध करायला म्हातारी माणसं रांगेत उभी राहतात ना, ती रांग जवळजवळ दीडशे वर्षं जुनी आहे.

हर्शेलनं स्वतःच्या बरोबरीच्या साहेबांना असा शाईचा पंजा मागितला असता का? या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्या.

मार्क ट्वेनची काचेची पेटी

हे सगळं सरकारी कागदात चाललं होतं तेव्हा अमेरिकेत मार्क ट्वेनच्या डोक्यात ठशांनी घर केलं. १८८३ च्या 'लाइफ ऑन द मिसिसिपी' या पुस्तकात त्यानं एक गोष्ट घातली. एका माणसाच्या बायको-मुलीचा खून होतो, मागे रक्ताचा अंगठा राहतो. हा माणूस ज्योतिषी बनून सैनिकांच्या छावणीत फिरतो, भविष्य सांगायच्या बहाण्यानं एकेकाचे अंगठे कागदावर घेतो. आणि ठसा जुळतो! खुनी सापडला. मग एका रात्री तो सूड घेतो. बऱ्याच वर्षांनी त्याला कळतं, अंधारात सुरा दुसऱ्याच माणसाला लागला होता. ठसा बरोबर होता, पण मेला भलताच.

पण त्याची खरी जबरदस्त गोष्ट १८९४ ची, 'पुडनहेड विल्सन'. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाचं बोटांच्या ठशांवरचं पुस्तक १८९२ मध्ये आलं होतं, ते ट्वेननं वाचलं होतं.

गोष्ट अशी. मिसिसिपीकाठचं एक गाव, गुलामगिरीचे दिवस. रॉक्सी नावाची एक गुलाम बाई. ती दिसायला पूर्ण गोरी. सोळा पणजोबा-खापरपणजोबांमधला एक काळा, बाकी पंधरा गोरे. तरी कायद्यानं ती काळी, गुलाम, आणि तिचं गोरंपान बाळही गुलाम. आपलं बाळ लांबच्या मळ्यांवर विकलं जाईल या भीतीनं ती एक दिवस आपलं बाळ आणि मालकाचं बाळ यांची अदलाबदल करते. कोणाला कळतही नाही. कळणार कसं? दोघं सारखीच दिसतात. गुलामाचं पोर मालक म्हणून वाढतं, मालकाचं पोर गुलाम म्हणून.

गावात विल्सन नावाचा एक वकील असतो. लोक त्याला बावळट समजतात. कारण त्याला एक नाद आहे, भेटेल त्याच्या बोटांचे ठसे काचेच्या पट्ट्यांवर घेऊन जपून ठेवायचे. त्यात या दोन बाळांचेही ठसे असतात, अदलाबदलीच्या आधीचे आणि नंतरचे. वीस-बावीस वर्षांनी गावात खून होतो, सुऱ्यावर ठसे असतात, आणि विल्सन भर कोर्टात काचा काढून दाखवतो की खुनी कोण. आणि वर हेही, की हा खुनी मालकाचा मुलगाच नाही.

टाळ्या! विज्ञानाचा विजय! आता निकाल ऐका. त्या खुन्याला जन्मठेप होते. पण मग घराण्याचे सावकार येतात. म्हणतात, हा तर गुलाम, म्हणजे आमची मालमत्ता, तुरुंगात ठेवलात तर आमचं नुकसान. मग त्याला माफी देऊन विकून टाकतात. आणि जो खरा वारस, जो इतकी वर्षं गुलाम म्हणून जगला? त्याला श्रीमंती मिळते, पण त्याला लिहिता-वाचता येत नाही, बोली गुलामांची, दिवाणखान्यात बसायला भीती वाटते. आपलं वाटतं ते फक्त स्वयंपाकघर, आणि चर्चमधला गुलामांचा सज्जा, जिथे त्याला दिलासा मिळायचा, तो आता त्याला बंद.

ठशानं एका प्रश्नाचं अचूक उत्तर दिलं. हा तोच मुलगा आहे का? हो. पण गोरंपान मूल 'काळं' कसं, आणि माणूस मालमत्ता कशी, हे कोणत्या बोटावर लिहिलं होतं? ते कायद्यानं ठरवलं होतं. ठशानं त्या कायद्याचं काम फक्त बिनचूक करून दिलं. मला वाटतं, ठशांवर याच्याइतकी कडू गोष्ट नंतर क्वचितच लिहिली गेली.

कलकत्त्याचे १०२४ कप्पे

परत भारतात येऊ. ठसे वेगळे असतात हे कळलं, पण एक व्यवहाराचा घोळ होता. समजा तुमच्याकडे हजारो कैद्यांचे ठसे आहेत आणि एक नवा माणूस पकडला. तो जुना गुन्हेगार आहे का, हे शोधायचं कसं? प्रत्येक कागद बघत बसणार?

हा प्रश्न सुटला कलकत्त्यात. एडवर्ड हेन्री हा बंगालचा पोलीस महानिरीक्षक. त्याच्या हाताखाली दोन भारतीय अधिकारी होते, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. हक गणिती. लहानपणी आपण बोटांवर चक्र किती, शंख किती मोजायचो ना? जवळपास तोच खेळ. दहा बोटांच्या पाच जोड्या करा. प्रत्येक जोडीत चक्र पहिल्या बोटावर आहे, दुसऱ्यावर आहे, दोन्हींवर आहे की कुठेच नाही, अशा चार शक्यता. पाच जोड्यांचं गणित चार गुणिले चार असं पाच वेळा करा. उत्तर १०२४. म्हणजे ३२ ओळी आणि ३२ रकाने असलेलं कपाट. नवा माणूस आला की त्याची चक्रं मोजायची आणि थेट त्याच्या कप्प्याशी जायचं. पद्धत जगभर पसरली, नाव मिळालं 'हेन्री पद्धत'. हक आणि बोस यांना श्रेय मिळायला बराच काळ गेला. ज्या कामाचा विषयच 'ही खूण कोणाची' हा होता, त्याच्यावरच दुसऱ्याचं नाव लागलं!

१८९७ मध्ये कलकत्त्याला जगातलं पहिलं बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. स्कॉटलंड यार्डचं आलं १९०१ मध्ये. त्याच १८९७ साली जलपायगुडीच्या एका चहाच्या मळ्यात मॅनेजरचा गळा चिरून खून झाला. पेटीतल्या एका बंगाली पंचांगावर रक्ताचा पुसटसा अंगठा सापडला. तो जुळला कांगाली चरण नावाच्या, आधी चोरीत शिक्षा झालेल्या, त्याच मॅनेजरच्या जुन्या नोकराशी. पण कोर्टानं काय केलं? चोरीसाठी शिक्षा दिली, खुनातून सोडलं. खून करताना कोणी पाहिलं नव्हतं. ठसा सांगतो की याचा हात तिथे लागला. त्या हातानं काय केलं, ते ठसा सांगत नाही. १८९९ मध्ये कायद्यात बदल होऊन ठशांच्या तज्ज्ञाचं मत रीतसर पुराव्यात आलं. पण ते मत असतं, हे लक्षात ठेवा.

होम्सनं पकडलेला खोटा अंगठा

शेरलॉक होम्स आला नाही तर तुम्ही मला सोडणार नाही, माहीत आहे. होम्स म्हणजे खुणांचा बादशहा. सिगारची राख, बुटाचा चिखल, पाऊलखुणा. पण ठशांवरची त्याची खास गोष्ट फार मजेदार आहे.

'द नॉरवुड बिल्डर', साल १९०३. स्कॉटलंड यार्डचं कार्यालय सुरू होऊन दोनच वर्षं झालीत, वर्तमानपत्रांत ठशांची हवा आहे. एका तरुण वकिलावर खुनाचा आळ आहे. इन्स्पेक्टर लेस्ट्रेड छाती फुगवून होम्सला भिंतीवरचा रक्ताचा अंगठा दाखवतो. अगदी त्या तरुणाचाच! आता बोला? होम्सला मनातून हसू फुटतं. कारण आदल्या दिवशी त्यानं स्वतः ती भिंत तपासलेली असते, आणि तिथे काहीच नव्हतं. तरुण तर तेव्हा कोठडीत. म्हणजे ठसा नंतर कोणीतरी लावला. पाकिटावरच्या लाखेत त्या तरुणाचा अंगठा उमटला होता, त्याचा साचा काढून.

बघा हं, ठसा शंभर टक्के त्याचाच होता. लेस्ट्रेड चूक बोलत नव्हता. फक्त ही खूण इथे आली कधी आणि आणली कोणी, हे त्यानं विचारलं नाही. १९०७ मध्ये ऑस्टिन फ्रीमन या डॉक्टर-लेखकानं 'द रेड थंब मार्क' ही अख्खी कादंबरीच बनावट अंगठ्यावर लिहिली. पोलिसांचा ठशांवर विश्वास बसायला लागला आणि लगोलग लेखकांनी इशारा देऊन टाकला.

पण होम्सचीही एक वाईट बाजू सांगतो. 'द साइन ऑफ फोर' या १८९० च्या कादंबरीत त्याला लहान मुलाएवढं अनवाणी पाऊल सापडतं. ते अंदमानच्या टोंगाचं. तो माणूस आहे हे होम्स अचूक ओळखतो. मग तो संदर्भग्रंथ उघडून अंदमानी लोक किती भयंकर आणि विद्रूप असतात ते वाचून दाखवतो. तो ग्रंथही लेखकानंच रचलेला. म्हणजे पुन्हा क्रूसोचीच वाळू: पावलाचं माप खरं, आणि त्यावर चढवलेला माणूस वाचणाऱ्याच्या भीतीतून आलेला.

आणि ही जुनी पुस्तकं आहेत, आता असं होत नाही, असं म्हणू नका. २००४ मध्ये माद्रिदला रेल्वेत बॉम्बस्फोट झाले. एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयनं ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा ठरवला. तज्ज्ञांनी एकमुखानं. तो मुस्लिम झालेला होता. त्याला दोन आठवडे डांबलं. मग स्पेनच्या पोलिसांनी सांगितलं, हा ठसा दुसऱ्याच माणसाचा आहे. एफबीआयला माफी मागावी लागली. पुढच्या चौकशीत असंही आलं की ठसा खरंच खूप सारखा होता. पण त्या वकिलाचा धर्म कळल्यावर, आपली चूक तर होत नाही ना, हे परत तपासायला ते लोक कचरले.

आणि आजी

तर मंडळी, मी ठशांच्या विरोधात नाही. माझा फोन याच अंगठ्यानं उघडतो, तुमचाही. ठशांमुळे निर्दोष सुटलेले लोकही आहेत. ज्याला लिहिता येत नाही त्याला आपण 'अंगठाबहाद्दर' म्हणून चिडवायचो आणि आता सगळे दिवसातून पन्नास वेळा अंगठा लावतो, हा इतिहासाचा विनोदच आहे.

पण या सगळ्या गोष्टी वाचून मी एक शिकलो. खूण समोर आली की तीन प्रश्न विचारायचे. ही इथे आली कशी? ती नक्की किती सांगते? आणि उरलेलं कोण भरतंय? क्रूसोनं भीती भरली, दुष्यंताच्या शिपायांनी धंद्याची घृणा भरली, विल्सनच्या कोर्टात कायद्यानं गुलामी भरली.

आणि चौथा प्रश्न मी आजीमुळे जोडलाय. खूण नसेल तर काय? आजीच्या बोटांवरच्या रेषा गेल्या कुठे? पन्नास पावसाळे भाताची लावणी केली, राखेनं भांडी घासली, चुलीतली लाकडं हातानं पुढे सारली. त्यात वय. रेषा झिजल्या. जुन्या काळी तिची निशाणी नांगर असती, म्हणजे तिचं काम हीच तिची सही. आता त्याच कामानं तिची सही पुसून टाकलीय.

नियमात पर्याय आहेत, मला माहीत आहे. घरातलं दुसरं कोणी जाऊ शकतं, फोनवर ओटीपी येऊ शकतो. पण घरात दुसरं कोणी नसेल तर? फोनच नसेल तर?

निघायच्या दिवशी आजीला शाकुंतलाची गोष्ट सांगितली, अंगठी, मासा, कोळी, सगळं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मंग त्या राजाला पोरीचं तोंड बघून काईच आठवलं न्हाय? अंगठी बघून आठवलं?"

मी म्हटलं, "शाप होता ना गं."

"हां," ती म्हणाली, "शापच म्हणायचा."

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या घरात, गावात कोणाचा अंगठा लागत नसेल, तर त्यांच्याबरोबर एकदा दुकानात जा, दुसरा पर्याय काय आहे ते विचारा आणि त्यांना मिळवून द्या. भाग आवडला तर मित्रांना पाठवा, आणि पुस्तकांतली तुमची आवडती खूण कोणती तेही कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!